बुटात लपवलेली रोजनिशी

पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींनी ग्रंथालयांची कपाटे भरली आहेत. हिंदी माणसाने रणांगणावर आणि कैदेत स्वतः लिहून ठेवलेले मात्र क्वचितच हाती लागते. म्हणून शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांची बंगाली रोजनिशी लाखमोलाची.

सर्वाधिकारी बंगाल ॲम्ब्युलन्स कोरमध्ये साधे शिपाई होते. जखमींना उचलून आणणे, त्यांची शुश्रूषा करणे हे त्यांचे काम. १९१५च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला इंग्रजांच्या फौजेची तुर्कांशी मोठी लढाई झाली. जखमींना खडबडीत वाटेने, स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून मागे आणावे लागले. माघार घेतलेली फौज कुत-अल-अमारा या गावात अडकली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला.

ही फौज होती सहावी, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुतची गोष्ट आपल्याही घरची आहे, हे आपण साफ विसरलो आहोत.

शिधा आटत गेला तशी घोडे मारून खायची पाळी आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस नाकारले, हिरड्या सुजेपर्यंत नाकारले. सुटका करायला निघालेल्या फौजेची २३ हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ला कुतमधल्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेले. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली, त्यांतली बहुतेक हिंदी. टाउनशेंड यांची कैद इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात गेली. शिपायांना उपाशीपोटी वाळवंट तुडवावे लागले. हा भेद संताप आणणारा आहे.

याच वाटेवर सर्वाधिकारींनी रोजनिशी जपली. पाने फाडून बुटात कोंबली, बगदादला पोचल्यावर पुन्हा उतरवून काढली. पुढे नदी ओलांडताना वही भिजली, अक्षरे पसरली, पण वाचण्याजोगी राहिली. वाटेतल्या रास-अल-ऐन या गावी त्यांनी ती काही दिवस जमिनीत पुरून ठेवली. पुढे अलेप्पोच्या इस्पितळात त्यांना काम मिळाले. तिथल्या तुर्कांबद्दल, आर्मेनियनांबद्दल त्यांनी माणूस म्हणून लिहिले. आर्मेनियनांच्या कत्तलीच्या खुणाही त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. शत्रूच्या कैदेत राहून शत्रूकडे असे पाहणे सोपे नव्हे. या टिपणांवरून ‘अभी ले बगदाद’ हे पुस्तक झाले, तेही १९५८मध्ये.

या मोहिमेत मेलेल्यांच्या बसऱ्यातल्या स्मारकावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि मृतांचा आकडा आला. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांच्या वेशीवर, चावडीवर ‘या गावातून महायुद्धाला इतकी माणसे गेली’ अशा इंग्रजी शिळा आहेत. तिथेही आकडाच आहे. पणजोबा-खापरपणजोबांची जुनी पत्रे, पेन्शनचे कागद, पदके ज्यांच्या पेटाऱ्यात असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडावीत आणि जवळच्या इतिहास मंडळाला दाखवावीत.