‘लागत नाही’ आणि ‘सुटत नाही’ : ब्रेकच्या स्विचविषयी

आपल्या वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा, रस्ता सरळसोट. साहजिकच आपण क्रूझ कंट्रोल लावतो. एखाद्या दिवशी ते लागतच नाही. आपण म्हणतो, बिघडलं. पण आज आपण उलटा प्रश्न विचारू : लागलेलं क्रूझ वेळेवर सुटतं का?

आधी रचना बघू. ब्रेकच्या पेडलच्या वर, दांड्याजवळ, एक छोटा स्विच असतो. पेडल मोकळं असताना त्याचा दट्ट्या आत दाबलेला राहतो. पाय ठेवला की दट्ट्या बाहेर येतो, मागचे लाल दिवे लागतात आणि क्रूझ सुटतं. म्हणजे पायाचा शब्द यंत्राला कळवणारा हा निरोप्याच.

आता दोन चुका समजून घ्या. स्विच फार मागे असला, तर दट्ट्या पुरता दाबला जात नाही. गाडीला वाटतं, ब्रेक दाबलेलाच आहे. दिवे जळत राहतात, क्रूझ नकार देतं. हा दोष त्रासाचा, पण त्यातल्या त्यात बरा. स्विच फार पुढे घेतला, तर क्रूझ लगेच लागतं, आपण खूश होतो. मात्र पेडल बरंच दाबेपर्यंत ते सुटत नाही, मागच्याला दिवाही उशिरा दिसतो. शिवाय पेडल पूर्ण वर न आल्यास ब्रेक घासत राहतात. हा दोष दिसत नाही, म्हणूनच घातक.

घरी काय करावं? गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. कुणाला तरी मागे उभं करा आणि पेडलला हलकेच स्पर्श करा. दिवे नीट लागत-विझत असतील, तर हा स्विच बहुधा ठीक आहे. हातगिअरच्या गाडीत क्लचचाही तसाच स्विच असतो, तो बघा. दिवे विझतच नसतील, तर आधी दट्ट्यासमोरची रबराची किंवा प्लॅस्टिकची गुंडी तुटली का ते पाहा. ती बदलली की पुष्कळदा काम होतं.

आट्यांचा स्विच असेल, तर चेकनट सैल करून थोडाथोडा फिरवा. स्विचचं अंग आणि पेडल यांत बारीक फट राहावी. नेमकं माप गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातलंच घ्या. पाव फेऱ्यात बसणारे, स्वतः जुळणारे स्विच मात्र असे फिरवू नयेत. बऱ्याच गाड्यांत ते काढले की नवेच बसवावे लागतात.

मग चेकनट आवळा, दिवे पुन्हा तपासा, पेडल पूर्ण वर येतं ना, हे बघा. शेवटची चाचणी मोकळ्या रस्त्यावर, क्रूझ लागेल तेवढ्या कमीत कमी वेगात : हलक्या स्पर्शाला सुटलं पाहिजे. नाही सुटलं, तर क्रूझ न वापरता थेट मेकॅनिककडे.

कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात बुद्धी सारथी आहे आणि मन लगाम. घोडे धावतात की नाही, याची चिंता तिथे नाही. लगाम ओढल्यावर ते ऐकतात का, हा प्रश्न आहे. स्विच जुळवताना आपलाही प्रश्न तोच ठेवू.