माशाला पाव आणि सवाबाचा प्रश्न

सुट्टी लागली की मालवण-तारकर्लीला जाणारी आपली कुटुंबं आता बरीच दिसतात. जेटीवरून होडी सुटते आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ पाण्यात थांबते. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात तरंगतं जाकीट. मग कुणीतरी पावाचा तुकडा पाण्यात धरतो आणि काळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका बोटांशी झोंबतो. मुलं खूश, मोबाइलमध्ये व्हिडिओ तयार. होडीतली एखादी खाला म्हणते, "टाक बेटा, मुक्या जिवाला खाऊ घातलंस तर सवाब मिळेल."

हा सवाबाचा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. तलावातल्या माशांना कणकेच्या गोळ्या टाकणं आपल्याकडे जुनंच आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची अल्लाहने मगफिरत केली, ही हदीस आम्ही वर्गातही सांगतो. पण तो कुत्रा तहानेने ओली माती चाटत होता. किल्ल्याजवळचा मासा उपाशी नाही. त्याचा रिज्क त्याच खडकावर आहे. तिथले कित्येक मासे खडकावरचं, प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातात आणि त्यामुळे प्रवाळ मोकळा राहतो. आयत्या पावाची सवय लागली की ते काम मागे पडतं, आणि धीट मासे भित्र्यांना हुसकावून लावतात. पावाने माशाचं पोषण होत नाही ते वेगळंच. हा परिसर १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नाही.

कुणी विचारेल, मग मत्स्यालयात शार्कला खाऊ घालतात ते कसं चालतं? आपल्यातले अनेकजण आखातात असतात, दुबई मॉलमधली सुमारे १ कोटी लिटर पाण्याची टाकी त्यांनी पाहिलेली असते. काही देशांत तर तिकीट काढून पाहुण्याला स्वतः लांब चिमट्याने शार्कपुढे मासा धरता येतो. पण टाकीतल्या शार्कला स्वतःची शिकार नाही, त्याला पोसणं हे ठेवणाऱ्याचं कर्तव्यच आहे. तिथे मासा वजन करून देतात, बहुधा रोज नाही, आठवड्यातून काही वेळा. गोठवलेल्या माशातलं ब-१ जीवनसत्त्व कमी होतं म्हणून ते वरून घालतात. कोणी किती खाल्लं याची नोंद राहते. पाहुण्याच्या हातात चिमटा असला तरी माप त्याच्या हातात नसतं. (त्या शार्कने टाकीत असावं का, हा वाद निराळा.)

मोकळ्या समुद्रात हे माप कोण ठेवणार? फिलिपिन्समधल्या ओस्लोब गावाचं उदाहरण बोलकं आहे. २०११ च्या सुमारास तिथले कोळी व्हेल शार्कला जवळ्यासारखी बारीक कोळंबी चारू लागले. बघायला पर्यटकांची रीघ लागली, गावात पैसा आला. तो पैसा खोटा नाही, गरिबाघरी चूल पेटली. पण लांब लांब फिरणारे हे मासे, त्यांतले काही, महिनोन्महिने तिथेच रेंगाळू लागले. होडी दिसली की जवळ येतात आणि त्यांच्या अंगावर होड्यांच्या, पंख्यांच्या जखमा अभ्यासकांना आढळल्या.

हाच व्हेल शार्क आपल्या किनाऱ्यावरही येतो. आपण खातो त्या मोरीच्याच कुळातला, पण जगातला सर्वांत मोठा मासा. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. कधी तो जाळ्यात अडकतो, तेव्हा मच्छीमाराला हजारो रुपयांचं जाळं कापावं लागतं. कोकणात मच्छीमारी करणारी आपली दालदी कुटुंबंही आहेत, त्यांना हे नुकसान सांगायला नको. मुक्या जिवासाठी काही करायचं तर ते इथे आहे, असं आम्हाला वाटतं. राज्य सरकारने डिसेंबर २०१८ पासून यासाठी भरपाई ठेवली आहे. संरक्षित प्राणी जिवंत सोडताना जाळं फाटलं तर कमाल २५ हजार रुपये मिळतात. व्हेल शार्कप्रमाणेच समुद्री कासव आणि डॉल्फिनलाही हे लागू आहे. मात्र सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून लागतात. घरात कुणी दर्यावर जात असेल तर जाळं कापण्याआधी मोबाइल काढायला सांगा, आणि फाटलेलं जाळं फेकू नका.