संच पूर्ण झाला, लेखक झाला का?

आज आपण फिलिप के. डिक या अमेरिकन विज्ञानकथाकाराच्या तीन खंडांबद्दल बोलू. संच विकत घेताना आपण नेमकं काय घेतो, हा खरा प्रश्न आहे.

डिकची पहिली कादंबरी ‘सोलर लॉटरी’ १९५५ साली एस बुक्सने काढली. स्वस्तातलं पेपरबॅक, किंमत ३५ सेंट. आणि तीही एकटी नाही. एका बाजूने डिकची कादंबरी, पुस्तक उलटं केलं की ली ब्रॅकेट या लेखिकेची. वाचा आणि विसरा, असा तो माल. डिक १९८२ मध्ये गेला. २००७ साली लायब्ररी ऑफ अमेरिकाने त्याच्या चार कादंबऱ्यांचा खंड काढला. मेल्व्हिल, हॉथॉर्न यांचे ग्रंथ काढणारी ही संस्था. २००८ आणि २००९ मध्ये आणखी दोन खंड आले. एकूण १३ कादंबऱ्या, संपादक कादंबरीकार जोनाथन लेथम.

आता हा संच का घ्यावा? कागद पिवळा पडत नाही, शिलाई पक्की, हे आहेच. पण मोलाची पानं शेवटी आहेत. लेखकाचा जीवनक्रम, आणि कुठल्या आवृत्तीवरून संहिता घेतली त्याच्या नोंदी. त्याने काय फरक पडतो? ‘द अनटेलिपोर्टेड मॅन’ ही कादंबरी बघा. १९६६ मध्ये एसने छापली ती अर्धीच. डिकच्या मृत्यूनंतर वाढीव मजकूर छापला, तर हस्तलिखिताची काही पानं गायब! १९८४ च्या ब्रिटिश आवृत्तीत, ‘लाइज, इंक.’ या नावाने, ती भगदाडं जॉन स्लाडेक या दुसऱ्याच लेखकाने भरली. म्हणजे कादंबरी एकच, पण हातात कुठली प्रत आहे त्यावर आपण काय वाचलं ते ठरतं.

आणि गंमत म्हणजे ही कादंबरी त्या १३ मध्ये नाहीच. डिकच्या कादंबऱ्या चाळीसहून जास्त. पन्नाशीच्या दशकात त्याने विज्ञानकथा नसलेल्या कादंबऱ्याही जीव तोडून लिहिल्या. त्यातली एकच, ‘कन्फेशन्स ऑफ अ क्रॅप आर्टिस्ट’, त्याच्या हयातीत, १९७५ मध्ये निघाली. मानाच्या या संचात तीही नाही.

तेव्हा संच जरूर घ्या. फक्त अनुक्रमणिका वाचताना ती एका संपादकाची निवड आहे हे लक्षात ठेवा, आणि शेजारी बाहेरच्या दोन-तीन पुस्तकांना जागा ठेवा.