कारखान्याचा नाद आणि कामगाराचे गाणे

पालघर जिल्ह्यातील नवापूरच्या किनाऱ्याला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत ठाऊक आहे ती मुख्यतः तिच्या सांडपाण्यामुळे. कारखान्यांचे पाणी नळावाटे येथेच समुद्रात सोडले जाते आणि मच्छीमारांची त्याबद्दलची तक्रार जुनी आहे. उत्पादन किती, रोजगार किती, प्रदूषण किती, हे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु एवढी माणसे जेथे रात्रंदिवस यंत्रांपाशी राबतात, तेथे गाणे कोणते जन्मले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न निरर्थक नाही, हे इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहराने दाखवून दिले आहे. 5 जुलै 2025 रोजी तेथील व्हिला पार्क मैदानावर दिवसभराचा संगीत महोत्सव झाला. अखेरीस ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचे चारही मूळ कलावंत वीस वर्षांनी एकत्र आले. त्यांनी समारोप केला तो 1970 सालच्या ‘पॅरॅनॉइड’ या आपल्या आरंभीच्या गाण्याने. कंपवाताने जर्जर झालेला गायक ऑझी ऑस्बर्न आसनावर बसूनच गायिला. 22 जुलै रोजी तो निवर्तला.

‘हेवी मेटल’ या नावाने जगभर पसरलेले हे संगीत कारखान्याच्या सावलीत वाढले. वृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरविला. त्या जड नादात कारखान्याने घेतलेल्या बोटांचा हिशेब आहे.

हे केवळ परमुलखातच घडते असे नव्हे. मुंबईच्या गिरणगावात भजनी मंडळे होती, कलापथके होती. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी तेथेच घुमली. गाण्याला सवड लागते, शेजार लागतो आणि जागा लागते. गिरणी, चाळ आणि मैदान एकमेकांलगत असल्याने या तिन्ही गोष्टी तेथे जमून आल्या. जागा गेली की काय होते, हेही मुंबईने पाहिले. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव ज्या खुल्या रंगभवनात भरू लागला, ते शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे मुके झाले.

बोईसर-तारापुरात माणसे कमी नाहीत आणि सूरही कमी नाहीत. वारल्यांचा तारपा येथलाच, कोळीगीते किनाऱ्यावरची; उत्तरेकडून आलेला कामगार आपला बिरहा घेऊन येतो. पण काम कंत्राटी, पाळी लांबलेली, खोली भाड्याची आणि शेजारी सहा महिन्यांनी बदलणारा. अशा ठिकाणी गाणे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ऐकले जाते, जन्माला येत नाही.

रस्ते, पाणी आणि वीज यांच्याबरोबर वस्तीपासून नीट अंतर राखलेला एक खुला रंगमंच आणि पाळीच्या तासांची शिस्त, एवढी मागणी अवाजवी खचित नाही. कामगार हा उत्पादनाचा घटक आहे, असे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. तो त्याहून अधिक काही आहे, हे त्याच्या गाण्यावाचून कळत नाही.