मनाचे हिशेब (भाग ७) : भीती आधी, कारण नंतर

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार-नेपाळचा मुलूख भूकंपाने हादरला. दहा हजारांहून अधिक माणसं दगावली. त्यानंतरच्या दिवसांत उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी टिपून ठेवल्या. पुराचा लोंढा येतोय, चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार, अशा त्या अफवा होत्या. चमत्कारिक गोष्ट ही, की त्या पसरल्या तिथे धक्के जाणवले होते, पण नासधूस झाली नव्हती. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळल्यानंतरच्या अफवा अभ्यासल्या. तिथे लोकांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता. येणाऱ्या अरिष्टाच्या अफवा मात्र तिथे आढळल्या नाहीत.

हे कोडं अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना पडलं. अफवा ऐकून माणूस घाबरतो, हे समजू शकतं. पण आधीच घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवतील कशाला? त्यांचं उत्तर उलट्या दिशेचं होतं. बिहारमधली ती माणसं हादरली होती, पण भोवताली सगळं शाबूत होतं. मनात भीती, समोर कारण नाही. अफवांनी ते कारण पुरवलं. दार्जिलिंगकरांना ते शोधावं लागलं नाही.

मनातल्या दोन गोष्टींचं जुळेनासं झालं की जी बेचैनी होते, तिला फेस्टिंगर यांनी १९५७ च्या ग्रंथात नाव दिलं. मराठीत आपण तिला संज्ञानात्मक विसंवाद म्हणतो. ती घालवण्याचे मार्ग तीनच : वागणं बदला, मत बदला, नाहीतर मधे एखादी सबब घाला. तंबाखू सोडणं कठीण. ‘आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले, रोज मळायचे’ हे म्हणणं सोपं.

१९५९ मध्ये फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं. ट्रेमध्ये रिळं भरायची, काढायची. लाकडी खुंट्या पाव-पाव फिरवत राहायच्या. मग बाहेर थांबलेल्या मुलीला ‘काम फार मजेचं आहे’ असं सांगायला लावलं. या खोटेपणाचे काहींना १ डॉलर मिळाले, काहींना २०. नंतर उणे ५ ते अधिक ५ या मापावर काम खरंच कसं वाटलं, हे विचारलं. वीसवाल्यांची सरासरी उणे ०.०५ आली, एकवाल्यांची अधिक १.३५. वीस डॉलर हे खोटं बोलायला पुरेसं कारण होतं. एका डॉलरसाठी कोण खोटं बोलतो? म्हणजे काम बरंच असलं पाहिजे, असं मनाने ठरवून टाकलं.

हा सिद्धांत निर्विवाद नाही. १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी ४,८९८ जणांवर अशाच जातीचा आणखी एक जुना प्रयोग पुन्हा केला. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचं मत त्या बाजूला सरकलं खरं. पण ‘लिहायचं की नाही, तुम्ही ठरवा’ असं सांगितलेल्यांचं अधिक सरकेल, ही सिद्धांताची अपेक्षा होती. ती फोल ठरली. यंत्रणेच्या तपशिलावर वाद चालू राहील. वागण्यामागोमाग मत येतं, हे मात्र तिथेही दिसलं.

माझ्या मते आपण जपायला हवं ते इथेच. मोठ्या आमिषाला आपण ओळखतो, सावध होतो. फुकटात केलेल्या लहान कृती मात्र नजरेतून सुटतात : न वाचता पुढे ढकललेला संदेश, मंडळींच्या आग्रहाखातर दिलेली घोषणा, कुणाला वाईट वाटू नये म्हणून डोलावलेली मान. यांचं समर्थन करायला बाहेरचं कारण नसतं, मग ते आतून उभं राहतं, आणि त्याला आपण ‘माझं ठाम मत’ म्हणू लागतो. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मतासाठी आवाज चढला, तर स्वतःला एवढंच विचारा : हे मत त्या कृतीच्या आधी माझं होतं का?