बॅटरी नव्हे, आधी खर्च मोजा

वीज आणि घर : लेखांक 6

उशाशी अणुवीज केंद्र आहे म्हणून रात्री वीज जाणार नाही, असे बोईसर-सरावलीत कुणी म्हणणार नाही. तारापूरला 1969 पासून वीज तयार होते, पण ती आधी जाळ्यात जाते. घरात येते ती महावितरणच्या तारांवरून, आणि तारेवर फांदी पडायला वादळच हवे असे नाही. 17 मे 2021 ला तौक्ते पालघरच्या किनाऱ्याजवळून पुढे गेले, तेव्हा तर जिल्ह्यात झाडांसोबत विजेचे खांबही आडवे झाले. वीज गेली की एरवी उकडते आणि चिडचिड होते, एवढेच. ज्याला झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप लावून झोपावे लागते, त्याचा प्रश्न वेगळा असतो: बॅटरीवर हे यंत्र किती तास चालेल? दुकानदार बॅटरीकडे बघून एक आकडा सांगतो. बॅटरी ही मात्र जमेची बाजू झाली, आणि हिशेब चुकतो तो खर्चाच्या बाजूला.

अ‍ॅडॉप्टरवर 65 किंवा 90 वॉट छापलेले असते. ती अ‍ॅडॉप्टरची कमाल ताकद, यंत्राची भूक नव्हे. यंत्राच्या पोटात एक छोटा पंखा असतो. 10 सेंटिमीटर पाण्याइतका दाब द्यायला त्याला साधारण 6 ते 10 वॉट पुरतात, म्हणजे एका एलईडी दिव्याइतके. खरी वीज खातो तो ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर व्हावी म्हणून तापवलेले पाणी, आणि सोबत गरम ठेवलेली नळी. दोन्ही चालू असले की तेच यंत्र सरासरी 30 ते 50 वॉटपर्यंत जाऊ शकते. आठ तासांच्या रात्रीला पंख्याचा खर्च 80 वॉट-तास धरा. पाणी आणि नळी तापवली तर तो 400 वर जातो. पाच रात्रींची शिदोरी एका रात्रीत संपते. मास्कच्या कडेने हवा गळत असेल तर पंख्याचा खर्चही वाढतो, पण तापत्या पाण्यापुढे तो किरकोळ.

‘आमच्याकडे 150 एएचचा इन्व्हर्टर आहे, मग काळजी कसली?’ 150 एएच आणि 12 व्होल्ट म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. बॅटरी तळाला जाऊ द्यायची नाही, म्हणून तीन चतुर्थांश धरा: 1350. इन्व्हर्टर स्वतः खातो आणि उष्णतेत जाते ते वजा केले की हाती साधारण 1080 उरतात. छताचा जुना पंखा 75 वॉट आणि सीपॅप 10 वॉट, तर साडेबारा तास निघतात. ह्युमिडिफायरसह सीपॅप 45 वॉट धरला तर नऊ. हे झाले नव्या बॅटरीचे. जुनी होऊन अर्ध्यावर आलेली बॅटरी नऊचे साडेचार करते, आणि पहाटे अडीच-तीनला यंत्र बंद पडते. मोबाइलच्या पॉवर बँकेवरचा 20,000 हा आकडा तर आणखी फसवा: तो 3.7 व्होल्टला मोजलेला, म्हणजे जेमतेम 74 वॉट-तास.

पाणी तापवणे बंद केले तर नाक-घसा कोरडा पडेल, हा आक्षेप खरा आहे. पण भांड्यात पाणी ठेवून फक्त तापवणे शून्यावर आणले तरी त्यावरून जाणारी हवा थोडी ओलसर होतेच. शिवाय इथे वीज जास्त जाते ती पावसाळ्यात, आणि तेव्हा कोकणातली हवा मुळातच दमट असते. हिवाळ्यात त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. दुसरा आक्षेप असा की एका रात्रीने काय होते? झ्युरिकमध्ये माल्कम कोलर आणि सहकाऱ्यांच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांना दोन आठवडे नाममात्र दाब दिला. श्वास अडकणे लवकरच परतले, आणि मुदत संपेपर्यंत सकाळचा रक्तदाबही वाढला होता. एक रात्र चुकली म्हणजे अनर्थ, असे यातून निघत नाही. पण वादळात पडलेले खांब एका रात्रीत उभे राहतातच असेही नाही.

तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी प्लगमध्ये बसणारा वीजमापक आणा. एक रात्र ह्युमिडिफायरसह आणि एक रात्र त्याविना यंत्र चालवा आणि सकाळी वॉट-तास लिहून ठेवा. उत्पादकाची थेट डीसी वायर मिळत असेल तर इन्व्हर्टरची मधली गळती वाचते. इन्व्हर्टरच वापरायचा तर शुद्ध साइन लहरीचा घ्या. मग एका रात्री मेन स्विच बंद करून रंगीत तालीम करा, आणि घरातल्या एकाला जागे ठेवा, कारण यंत्र थांबले तर मास्क लगेच काढायला हवा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्यांनी हे आकडे वापरू नयेत: पाच लिटरच्या यंत्राला साधारण 300 ते 350 वॉट लागतात. त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.