कामागणिक अवजारे आणि इजाजतीचा हुकूम

आज बिले, मालाचा साठा आणि उधारी यांचा हिशेब पुष्कळ पेढ्यांवर संगणकाने होतो. काही व्यापारी बंधू प्रोग्रामरकडून आपल्या गरजेप्रमाणे प्रोग्राम लिहून घेतात. हा प्रोग्रामर एकाच संगणकावर चार-पाच गिऱ्हाइकांची कामे करीत असतो आणि अडचण तेथूनच सुरू होते. ती कोणती व तिच्यावर उपाय काय, हे आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

पायथॉन ही प्रोग्राम लिहिण्याची एक भाषा आहे. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 रोजी बंद झाली. तरीही दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेले जुने प्रोग्राम अजून सापडतात. दोहोंत फरक केवढा? 7 मीटर कापडाचे 2 सारखे भाग करा असे सांगितले, तर तिसरी आवृत्ती 3.5 उत्तर देते. दुसरी आवृत्ती मात्र 3 सांगून अर्धा मीटर गिळून टाकते आणि काही बिघडल्याचे कळवीतही नाही. असा हिशेब बिलात शिरला तर नुकसान कोणाचे, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

मग संगणक कोणती आवृत्ती उचलतो? प्रोग्रामर जेथे हुकूम टाईप करतो त्याला 'शेल' म्हणतात. शेलपाशी 'पाथ' नावाची फोल्डरांची यादी असते. 'पायथॉन' म्हटले की शेल ती यादी क्रमाने धुंडाळते आणि पहिले सापडेल ते चालविते. नोकराला मांजरपाटाचा तागा आणायला सांगावे आणि पहिल्या गोदामात मिळाला तोच त्याने उचलून आणावा, तसा हा प्रकार होय. म्हणून काम बदलले की यादीही बदलावी लागते. घाईगर्दीत माणूस नेमके तेच विसरतो.

याकरिता 'डिरेन्व्ह' नावाचे मोफत साधन मिळते. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये 'डॉट एन्व्हआरसी' नावाची लहानशी फाईल ठेवायची आणि त्या कामाला कोणती आवृत्ती हवी ते तीत लिहायचे. शेल पुढचा हुकूम घेण्यास तयार होण्यापूर्वी डिरेन्व्ह दर वेळी पाहते की, या किंवा वरच्या फोल्डरमध्ये अशी फाईल आहे काय. असल्यास तिच्याप्रमाणे यादी लावते आणि फोल्डरमधून बाहेर पडताच सारे पूर्ववत करते. हवी ती आवृत्ती मात्र संगणकावर आधी बसवलेली असावी लागते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. ही फाईल म्हणजे नुसती यादी नव्हे, तीत हुकूम असतात. परक्याने दिलेल्या फोल्डरमध्ये पाऊल टाकताच त्याचे हुकूम चालू लागले, तर ते आपल्या फायली पुसूनही टाकतील. म्हणून डिरेन्व्ह नवी फाईल आपण होऊन चालवीत नाही. 'डिरेन्व्ह अलाउ' असा हुकूम देऊन आधी इजाजत द्यावी लागते. पुढे फाईलमधले एक अक्षर जरी बदलले, तरी ती इजाजत संपते आणि नव्याने द्यावी लागते. फाईल न वाचता इजाजत देणे म्हणजे गाठोडे न उघडता माल मिळाल्याची सही करणे होय. ती सही उपयोगाची नाही.

काही प्रोग्रामर याच फाईलमध्ये पासवर्डही लिहून ठेवतात. तसे असल्यास ती फाईल प्रोग्रामसोबत दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये.

व्यापारी बंधूंनी प्रोग्राम ताब्यात घेताना एवढे अवश्य विचारावे : याची आवृत्ती कोठे लिहून ठेवली आहे? ती प्रोग्रामरच्या डोक्यात असेल, तर तो गेला की तीही जाते. फाईलमध्ये असेल, तर नवा माणूस ती वाचून, इजाजत देऊन, त्याच हिशेबावर काम पुढे चालवू शकतो.